रेणापूर ते कालिंदी खिंड: उंचीवर दमसास का पुरत नाही?

गावाकडे गेलं की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी बहुतेक पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात. सकाळी पाचला ग्राउंडवर हजर, १६०० मीटर सव्वापाच मिनिटांत काढणारी. रील्समध्ये हिमालयातले ट्रेक बघितलेले असतात आणि प्रश्न असा असतो: "आमचा दमसास एवढा चांगला आहे, आम्हाला उंचीचा काय त्रास होणार?"

माझ्या पीएच.डी.चा विषय हाच आहे, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की शरीर काय करतं. त्यामुळे उत्तर थोडक्यात देता येतं: होऊ शकतो, आणि तुमच्या दमसासाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आज नीट सांगते. उदाहरण म्हणून एक खरी वाट घेऊ: गंगोत्रीहून कालिंदी खिंड ओलांडून बद्रीनाथला उतरणारी. महाराष्ट्रातल्या अनुभवी ट्रेकर मंडळींच्या यादीत ही वाट असतेच. आणि उंचीबद्दल जे काही शिकायचं, ते सगळं या एका वाटेवर शिकता येतं.

आधी वाट समजून घेऊ

गंगोत्री आणि बद्रीनाथ ही चारधामातली दोन धामं. गाडीने जायचं तर उत्तरकाशीपर्यंत खाली उतरून, मोठा वळसा घालून, पुन्हा अलकनंदेच्या खोऱ्यात वर चढावं लागतं. नकाशावर मात्र दोन्ही ठिकाणं तशी जवळ आहेत. मधे आहे तो बर्फाचा डोंगर. त्या डोंगराला जी खाच आहे, ती कालिंदी खिंड, उंची ५,९४७ मीटर. १९३१ साली कामेट शिखराच्या मोहिमेतले ब्रिटिश अधिकारी बर्नी यांनी ही खिंड अरवा खोऱ्याच्या बाजूने ओलांडली. जुन्या लिखाणात म्हणूनच ती 'बर्नीची खिंड' या नावानेही सापडते.

आज बहुतेक चमू गंगोत्रीकडून निघतात. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मुक्काम साधारण असे (उंची अंदाजे, कारण तंबू दरवर्षी त्याच जागी लागत नाही):

गंगोत्री – ३,१०० मीटर
भोजबासा – ३,८०० मीटर
नंदनवन – ४,४०० मीटर
वासुकी ताल – ४,९०० मीटर
खडा पत्थर – ५,१०० ते ५,२०० मीटर
श्वेत हिमनदीजवळचा तळ – ५,५०० मीटर
कालिंदी खिंड – ५,९४७ मीटर (इथे मुक्काम नाही, फक्त ओलांडायची)
राजा पराव – ४,९०० मीटर
अरवा ताल, घस्तोली, माणा आणि शेवटी बद्रीनाथ – ३,१०० मीटर

वाटेतल्या हिमनद्यांची नावं मराठी माणसाला सांगावी लागत नाहीत: रक्तवर्ण, चतुरंगी, श्वेत. दगडमातीच्या रंगांवरून पडलेली नावं आहेत. 'हिमनदी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे पांढराशुभ्र बर्फ येतो, पण इथे बहुतेक चाल दगडधोंड्यांवरून आहे. बर्फ त्या दगडांच्या खाली असतो. पाय ठेवलेला दगड सरकतो, कारण त्याच्या बुडाशी बर्फ वितळत असतो. एक किलोमीटरला तास लागणं इथे नेहमीचं आहे.

आता या यादीशेजारी आपला आकडा ठेवा. रेणापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात तुम्ही कुठेही, कितीही सराव करा, उंचीचा सराव होतच नाही. पायांचा होतो, छातीचा होतो, मनाचा होतो. उंचीचा होत नाही.

वर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण रेणापूरच्या बसस्टँडवर २१ टक्के आहे आणि कालिंदी खिंडीतही २१ टक्केच आहे. बदलतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्याचं वजन म्हणजे दाब. वर गेलो की थर पातळ होतो आणि दाब उतरतो. खिंडीत हवेचा दाब रेणापूरच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे तेवढाच मोठा श्वास घेतला तरी आत ऑक्सिजन निम्माच जातो.

हे पटत नसेल तर स्वयंपाकघरातून समजून घ्या. लातूरची तूरडाळ देशभर जाते, पण ५,५०० मीटरवरच्या तंबूत ती उघड्या पातेल्यात शिजत नाही. आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. तिथे दाब कमी असल्याने ते ८२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पाणी खळखळ उकळतंय, पण डाळ कच्चीच. कुकर लावला की शिजते, कारण कुकर आत दाब वाढवतो. शरीराला मात्र कुकर लावता येत नाही. (तसं म्हटलं तर लावता येतो. आजारी माणसाला आत झोपवून पंपाने हवा भरायची एक बंद पिशवी असते. पण ती तात्पुरती सोय.)

शरीर काय करतं, आणि त्याला वेळ का लागतो

मानेत दोन्ही बाजूंना, मोठ्या रक्तवाहिनीजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. ही पहिली मदत, ती काही मिनिटांतच सुरू होते.

पण गंमत अशी की श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो. तो रक्तात आम्लासारखा वागतो. तो कमी झाला की रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि मग मेंदू म्हणतो, "पुरे झालं, श्वास हळू कर." म्हणजे ऑक्सिजनची कमतरता अ‍ॅक्सिलरेटर दाबते आणि रक्ताचा अल्कलीपणा ब्रेक दाबतो. दोन्ही एकाच वेळी.

हा ब्रेक सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. जास्तीचं बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्त पुन्हा ताळ्यावर येतं आणि श्वास मोकळेपणाने वाढतो. या कामाला लागतात काही दिवस. तास नाही, दिवस. उंचीवर पहिल्या दिवसांत वारंवार लघवीला जावं लागतं, त्याचं हेही एक कारण. ते चांगलं लक्षण आहे, म्हणून पाणी कमी पिऊ नका.

रात्री हा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरचा झगडा ऐकूही येतो. शेजारी झोपलेल्याचा श्वास वाढत जातो, मग कमी होतो, मग काही सेकंद थांबतोच, आणि एकदम मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू. पहिल्यांदा ऐकणारा घाबरून उठवतोच. एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही.

दुसरी तयारी रक्तात होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातलं पाणी थोडं घटतं, त्यामुळे तेवढ्याच रक्तात हिमोग्लोबिन दाट होतं. नवीन लाल पेशी बनवण्याचा हुकूम काही तासांतच सुटतो, पण त्या पुरेशा तयार व्हायला आठवडे लागतात. पेशींना ऑक्सिजन कमी झाल्याचं नेमकं कळतं कसं, हे शोधणाऱ्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना, २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या क्षेत्रातलं ते सगळ्यात मोठं काम.

आता दमसासाकडे या. धावून धावून काय सुधारतं? हृदय, स्नायू, पायांची ताकद. वर सांगितलेल्या कामांत यातलं काय होतं? काहीच नाही. मानेतला तो दाणा किती जागरूक आहे, मूत्रपिंडं किती लवकर ब्रेक सोडतात, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कशा वागतात, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. ग्राउंडवर मेहनत करून ते बदलत नाही. उलट दमदार माणसाचा एक धोका जास्त: त्याला लवकर वर जाता येतं. पाय थकत नाहीत म्हणून तो थांबत नाही, आणि आतलं काम मात्र आपल्याच गतीने चाललेलं असतं.

हे फक्त तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स ह्यूस्टन या डॉक्टरांनी १९६० साली एका २१ वर्षांच्या, धडधाकट स्कीपटूची हकिकत छापली. १२,००० फुटांची, म्हणजे सुमारे ३,६५० मीटरची खिंड ओलांडल्यावर त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. अशा रुग्णांना तोवर न्यूमोनिया समजलं जायचं. मग १९६२ च्या युद्धात आपले जवान मैदानातून थेट हिमालयात पाठवले गेले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी उंचीमुळे आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांच्या नोंदी १९६९ साली प्रसिद्ध केल्या. जगभरच्या संशोधकांना हा भारतीय अभ्यास आजही वाचावा लागतो. त्यातले रुग्ण कोण होते? भरतीत निवडलेले, कवायत केलेले, धडधाकट सैनिक. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

त्रास कसा सुरू होतो, आणि केव्हा जिवावर बेततो

पहिली पायरी म्हणजे डोकेदुखी. सोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर, नुसतं पडून राहावंसं वाटणं. याला उंचीचा साधा आजार म्हणू. नियम एकच: २,५०० मीटरच्या वर डोकं दुखायला लागलं आणि सोबत यातलं काही असलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. "उन्हाने दुखतंय", "काल जेवण जड झालं" ही कारणं नंतर. त्या दिवशी वर जायचं नाही. बहुतेकांना एक-दोन दिवस थांबल्यावर बरं वाटतं.

दुसरी पायरी फुप्फुसाची. इथे आपल्या शेतातलं उदाहरण चपखल बसतं. ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. पण सगळ्या सारख्या आकसत नाहीत. ठिबकच्या संचात काही लाइनींचे व्हॉल्व्ह बंद केले आणि मोटार तशीच चालू ठेवली तर काय होतं? उरलेल्या लाइनींवर प्रेशर येतं आणि जोडांतून पाणी फुटतं. फुप्फुसातही तेच होतं. ज्या भागात वाहिन्या कमी आकसल्या तिथे रक्त जोराने जातं आणि बारीक केशवाहिन्यांतून पाणी हवेच्या कप्प्यांत झिरपतं. बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. हा त्रास बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उठतो. विशेष म्हणजे आधी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही.

तिसरी पायरी मेंदूची. मेंदूला सूज येते. माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, किंवा एकदम गप्प होतो. याची एक सोपी परीक्षा आहे: सरळ रेषेत, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायला सांगा. झोकांडी गेली तर वेळ घालवायचा नाही. त्याच्या "मी बरा आहे" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. आजारी पडलेला अवयव तोच आहे, ज्याने निर्णय घ्यायचा असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर खरा उपाय एकच, खाली उतरणं. निदान हजार मीटर, किंवा बरं वाटेपर्यंत. ऑक्सिजन सिलेंडर, औषधं, ती हवेची पिशवी, हे सगळं उतरेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी.

खिंडीचा खरा फास

आता वरची मुक्कामांची यादी पुन्हा बघा. एखाद्या शिखराच्या किंवा तलावाच्या ट्रेकमध्ये आपण आल्या वाटेने परततो. त्रास झाला, वळलो, दोन तासांत पाचशे मीटर खाली. खिंडीच्या वाटेवर तसं नसतं.

समजा, श्वेत हिमनदीच्या तळावर, ५,५०० मीटरवर, मध्यरात्री कुणाला दम लागला. हजार मीटर खाली म्हणजे नंदनवन. तिथे पोचायला हिमनदीवरून, दगडांच्या ढिगाऱ्यांतून दोन दिवस मागे चालायचं, आणि या चालीत पहिल्या दिवशी उंची फारशी उतरतच नाही. दुसरी बाजू? राजा पराव ४,९०० मीटरवर आहे, पण तिथे जायला आधी ४५० मीटर वर, खिंडीतून. म्हणजे ज्याला उतरणं हेच औषध आहे, त्याला औषध घ्यायला आधी आजार वाढवावा लागेल. रस्ता नाही, गाव नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. हेलिकॉप्टर हवामान बरं असेल तर.

म्हणून माझं म्हणणं असं: अशा वाटेवर 'वर जायचं की नाही' हा निर्णय खिंडीच्या पायथ्याशी घ्यायचा नसतोच. तो नंदनवनला किंवा फार तर वासुकी तालला घ्यायचा. तिथून मागे फिरणं अजून शक्य असतं. त्यापुढे तुम्ही चालत असता ते मागच्या आठ दिवसांत शरीराने जे कमावलं त्याच्या जोरावर. मांजरा धरणाचं पाणी एप्रिलमध्ये आटल्यावर काटकसर सुरू करून भागत नाही, हे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या लातूरकरांना वेगळं सांगायला नको. हिशोब आधी करावा लागतो.

तो हिशोब असा करतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. लक्षात घ्या, नियम झोपण्याच्या उंचीचा आहे. दिवसा वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर उलट चांगलं. गंगोत्री ते श्वेत तळ हा फरक २,४०० मीटरचा, म्हणजे पाच टप्पे. त्यात दोन विश्रांतीचे दिवस धरा. शिवाय गंगोत्री ते भोजबासा ही पहिलीच उडी ७०० मीटरची आणि पुढची नंदनवनची ६०० ची, म्हणून गंगोत्रीत दोन रात्री आणि भोजबासाला दोन रात्री काढणं शहाणपणाचं. खिंडीच्या आधी आठ-नऊ रात्री झाल्याच पाहिजेत. कुणी सहा दिवसांत नेऊन आणतो म्हणत असेल तर त्याला हा हिशोब कागदावर मांडायला सांगा.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: पहिली मोठी उडी पायी नसते, गाडीतून असते. उत्तरकाशी ११५० मीटरवर. सकाळी तिथून निघालात की दुपारी गंगोत्रीत, एका दिवसात जवळपास दोन हजार मीटर वर. पायाला घाम न येता.

हिमनदी आणि हवामान

उंची सांभाळली तरी बर्फ उरतोच. हिमनदी सरकते तेव्हा तिला भेगा पडतात, त्यावर ताजा बर्फ पडून पूल तयार होतात. रात्रीच्या थंडीत हे पूल घट्ट असतात, ऊन चढलं की मऊ पडतात. म्हणून खिंडीच्या दिवशी रात्री दोन-तीनला निघतात आणि सगळे एका दोरात बांधून चालतात. एक पडला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं. आता विचार करा, त्या दोरातला एक जण डोकेदुखी लपवून चालतोय. त्याने स्वतःपुरताच धोका पत्करलेला नाही.

वाटही दरवर्षी तीच राहत नाही. भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा नकाशा काढला. तेव्हापासून १९९६ पर्यंत गोमुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं. चतुरंगी हिमनदी पूर्वी गंगोत्री हिमनदीला येऊन मिळायची, आता तिचा बर्फ मागे सरकून ती तुटली आहे. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचं प्रवासवर्णन वाचून वाट ठरवू नका.

आणि हवामान. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्सिलहून हिमाचलात उतरणाऱ्या लमखागा खिंडीच्या वाटेवर बर्फवृष्टीत सापडलेल्या चमूतले अनेक जण दगावले. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या चमूतले ९ जण वादळात गेले. हे मृत्यू थंडीवाऱ्याचे. पण उंची आणि थंडी एकमेकींना मदत करतात: दमलेला, न जेवलेला, अर्धवट झोपलेला माणूस लवकर गारठतो आणि हळू चालतो. हातात दोन राखीव दिवस असतील तर वादळ तंबूत बसून काढता येतं. परतीचं रेल्वे तिकीट घट्ट बांधलेलं असेल तर माणसं वादळात चालतात.

मग रेणापुरात बसून काय करायचं?

पायांची तयारी जरूर करा. पाठीवर दहा किलो घेऊन चाला, जिने चढा. तंदुरुस्तीने आजार टळत नाही, पण थकवा कमी येतो, आणि राखीव ताकद अडचणीत कामाला येते.

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासा. मुलींनी तर नक्कीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच अपुरी असेल तर उंचीवर दुप्पट त्रास. लोह भरून यायला वेळ लागतो, म्हणून आधी तपासायचं.

ऑक्सिमीटर घेऊन जा, पण त्याच्या आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की आपण हादरायचो. भोजबासाला चांगल्या माणसाचाही आकडा ८५ ते ९० च्या दरम्यान दिसू शकतो. सोबतच्यांपेक्षा तुमचा खूप कमी असेल किंवा रोज घसरत असेल, तर विचार करा. शेवटचा शब्द लक्षणांचा.

डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडाला तो ब्रेक लवकर सोडायला मदत करते. ती वेदनाशामक नाही आणि थांबण्याला पर्यायही नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी विशेष जपायचं. डॉक्टरांना विचारूनच घ्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र नकोतच, त्या श्वास मंदावतात.

आणि कालिंदी हा पहिला ट्रेक नव्हे. आधी चार हजार मीटरपर्यंतचा एखादा साधा ट्रेक करा, आपलं शरीर कसं वागतं ते बघा. बर्फावरचं चालणं आणि दोर शिकायचा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर कोर्स असतात. या वाटेला परवानग्याही लागतात, कारण पलीकडची बाजू सीमेलगत आहे. परवानगीशिवाय नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

शेवटची गोष्ट ट्रेकला न जाणाऱ्यांसाठी. आपल्या तालुक्यातून दरवर्षी कितीतरी आजी-आजोबा, काका-काकू चारधामला जातात. गंगोत्री ३,१०० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. हेलिकॉप्टरने केदारनाथला काही मिनिटांत पोचता येतं, पण मूत्रपिंडाला मिनिटांचा हिशोब कळत नाही. त्यांना बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. वाटेत मधल्या उंचीवर एक-दोन रात्री काढायला टूरवाल्याला आत्ताच सांगा. आणि एवढं एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या: "डोकं दुखायला लागलं तर लपवायचं नाही, सोबतच्या माणसाला लगेच सांगायचं." दर्शन एक दिवस उशिरा झालं तरी देव रागावत नाही.

पुढच्या लेखात लडाख आणि तिबेटमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एवढ्या उंचीवर कशी राहतात, त्यांच्या जनुकांत काय वेगळं आहे, ते बघू.